ताई, पडद्याला भोक पडलं तर?

डोंबिवली,
रविवार, दुपार

प्रिय ताई,

उद्या सकाळी मला त्या यंत्रापुढे बसायचंय. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, समोर पांढरा वाडगा, हातात बटण. वाडग्यात कुठेतरी बारीक दिवा चमकला की दाबायचं. तुला ते यंत्र माहीत आहे. तू त्याच्यासमोरून हसत उठून आली होतीस.

डॉक्टरांनी मला ही तपासणी सांगितल्याला बरेच महिने झाले. एकदा बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या म्हणून ढकलली, एकदा आईला ताप होता म्हणून. नंतर कारणही उरलं नाही, तरी ढकललीच. रोजनिशीत मात्र दर वेळी व्यवस्थित कारण लिहिलंय. स्वतःला फसवायचं असेल तर माणसाने नीटनेटकी रोजनिशी ठेवावी!

आज तुझ्या रविवारच्या वर्गात एक गोष्ट झाली आणि तिथेच मी ठरवलं, उद्या जायचंच. पण त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं. थोडं भांडायचंही आहे. तू असताना तुझ्याशी वाद घालून मला कधी जिंकता आलं नाही. आताही येईल असं नाही.

तुझा वर्ग मी चालवतेय, हे तुला आवडलं असतं का गं? कल्याणच्या बाजारामागची तीच खोली. खाली मसाल्याचं दुकान, वर बारावीचे फिजिक्सवाले. खाली मिरची कांडायला घेतली की अजूनही सगळा वर्ग एकदम शिंकतो. तू गेल्यानंतर मी तिथे गेले ती सामान आवरून जागा मालकाला परत करायला. तर मुलं जिन्यात बसलेली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सॉरी हां, पण आमचं ऑप्टिक्स अर्धंच राहिलंय." बाकीच्यांनी त्याला कोपरं मारली. मला मात्र तेवढ्यानेच बरं वाटलं. त्या दिवसांत मला भेटायला आलेल्यांपैकी कुणीच इतकं खरं बोललं नव्हतं. मी सामान आवरलं नाही.

तुझी पद्धतही तशीच ठेवलीय. प्रयोगाआधी प्रत्येकाने पेनाने उत्तर लिहायचं, चित्र काढायचं, खोडायचं नाही. मग बघायचं. माझ्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं उलटं करत आले. आधी प्रयोग दाखवायचा, मग "असं का झालं" ते सांगायचं. मुलं माना डोलावतात आणि डोक्यातलं जुनं चित्र जसंच्या तसं घेऊन घरी जातात. तू म्हणायचीस, "चुकीचं उत्तर खोडायची घाई करू नकोस गं. त्याच्या मागचं चित्र माग. चित्र हाती आलं की पोर हाती आलं."

आणि काय एकेक चित्रं! फोटॉन म्हणजे एक छोटा चेंडू, आणि तो पुस्तकातल्या नागमोडी रेघेवरून खाली-वर, खाली-वर पळतोय. तू त्या मुलाला विचारलंस, "हा असा वळणं घेत का चाललाय रे? ठाण्याच्या खोपट डेपोतून सुटलेली एसटी आहे का, घाटाला लागलेली?" वर्ग हसून हसून लोळला. पण मग त्यालाच जवळ बसवून तू समजावत राहिलीस, की ती रेघ म्हणजे प्रकाशाची वाट नाही. कुठल्या ठिकाणी किती जोर आहे त्याचा तो आलेख आहे. आपणच फळ्यावर साप काढतो आणि मग मुलांना साप दिसतो म्हणून रागावतो, असं तू मला नंतर म्हणालीस.

दुसरी एक मुलगी होती. "मॅडम, प्रकाश कधी लाट असतो, कधी कण असतो." तू म्हणालीस, "म्हणजे डे शिफ्ट, नाइट शिफ्ट?" ती गंभीरपणे म्हणाली, "हो मॅडम, तसंच काहीतरी." तेव्हा मात्र तू हसली नाहीस. घरी आल्यावर चहा गाळता गाळता म्हणालीस, "तिचं काय चुकलं सांग? आपण तिला दोन शब्द दिले, दोन्ही उसने. एक समुद्रावरून आणला, एक वाळूतून. प्रकाश दोन्ही नाही. पण मग काय आहे, हे मला तरी नीट कुठे सांगता येतं?" तुझ्यातलं मला हे सगळ्यात आवडायचं. वर्गात तुला स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटायची नाही. मग वर्गाबाहेर काय झालं तुला?

तुझा लाडका प्रश्न भिंगाचा. मेणबत्ती, भिंग, पांढरा कागद. कागदावर ज्योतीचं उलटं चित्र. आता भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला तर कागदावर काय दिसेल? दर वर्षी, दर वर्गात उत्तर तेच: अर्धी ज्योत. हुशार मुलंसुद्धा. सूत्रं घडाघडा म्हणणारीसुद्धा. कारण त्यांच्या मनात चित्र हे सामानासारखं असतं. ज्योतीपासून उचललं, भिंगातून पलीकडे नेलं, कागदावर ठेवलं. दार अर्धं लावलेलं असेल तर अर्धंच सामान जाणार ना!

मग तू पुठ्ठा लावायचीस. ज्योत पूर्णच्या पूर्ण. फक्त मंद. भिंगाचा जो तुकडा उघडा आहे, तो एकटाच सगळं चित्र काढतो. मुलांचे चेहरे त्या वेळी बघावेत. तुला तो क्षण फार आवडायचा. मलाही. आता तो जवळ आला की मी मुलांकडे न बघता पुठ्ठ्याकडेच बघते.

ह्याच प्रयोगाने तुला मारलं, ताई.

हे वाक्य लिहून मी परत वाचलं. अतिशयोक्ती आहे का? तुझ्या नियमाप्रमाणे पेनाने लिहिलंय, खोडत नाही.

बाबांच्या नडगीवरचे डाग आठवतात तुला? कायम काळेनिळे. "स्टूल कुणी हलवलं?" आणि आई देवाशप्पथ सांगायची की स्टूल जागचं हललेलं नाही. आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसायचो. शेवटची वर्षं आई त्यांना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायची, तेव्हा हसू थांबलं होतं. डॉक्टरकडे नेलं तोवर फार उशीर झालेला. काचबिंदू. आपण तो शब्द ऐकला आणि बाबांच्या नावावर टाकून मोकळ्या झालो. आपल्यापर्यंत तो येऊ शकतो, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि आपण ऐकलं नाही?

मग तुझं सुरू झालं. दाराच्या चौकटीला डावं कोपर आपटायचं. ओट्यावरचा कप खाली यायचा. तू घोडबंदर रोडच्या त्या नव्या घराला शिव्या घालायचीस. "समोर टॉवर उभा केलाय मेल्यांनी. भरदुपारी दिवे लावावे लागतात." मी तुला जवळजवळ ओढत नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यातला दाब जास्त निघाला. मग नजरेचा घेर मोजायला त्या यंत्रापुढे बसवलं.

तू बाहेर आलीस ती खूश होऊन. "सोप्पं होतं गं!"

डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाले, "मॅडम, दिवा नसतानाही तुम्ही बटण दाबलंय. बऱ्याचदा."

"मला लय सापडली होती," तू म्हणालीस.

"लय नाही शोधायची. दिसलं तर दाबायचं."

"पण तो साधारण तेवढ्याच वेळाने येतो ना!"

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "ही तपासणी धरता येणार नाही. मला काचबिंदूची शंका आहे. पुढच्या आठवड्यात परत करू."

रिक्षात मी तुला विचारलं होतं, "तुझ्या वर्गात एखाद्याने प्रयोग न करता रीडिंग भरली असती तर?"

"जर्नल खिडकीबाहेर फेकलं असतं."

"मग तू काय केलंस?"

"मी अंदाज केला, नीलू. अंदाज आणि चोरी यात फरक आहे." आणि रिक्षावाल्याला म्हणालीस, "दादा, इथेच थांबवा, मिसळ खाऊ." विषय संपला. तुझ्या हाती विषय असला की तो असाच संपायचा.

तू परत गेली नाहीस. मी टोकायचे, तू टोलवायचीस. एके दिवशी मी फारच मागे लागले, तर शब्दकोडं बाजूला सारलंस, त्यावरचं भिंग उचललंस आणि मला तुझी विद्यार्थिनी केलंस.

"बघ हं. मला जे दिसतं ते पूर्ण आहे की अपूर्ण? पूर्ण. कसं आहे? मंद. पूर्ण आणि मंद म्हणजे काय? भिंग झाकलं गेलंय. म्हणजे मोतीबिंदू. काचबिंदूने डोळ्यातला पडदा गेला असता तर चित्राला भोक पडलं असतं. मला एकही भोक दिसत नाही. संपलं!"

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर बायोवाले. मोतीबिंदू पिकला की मेच्या सुट्टीत काढू."

मी वाद सोडला. कारण प्रकाशाचं तू जे जे सांगितलंस, ते सगळं बरोबर होतं. भिंग झाकलं तर चित्र पूर्ण आणि मंद, बरोबर. कागद फाटला तर चित्राला भोक, बरोबर. मीही फिजिक्सचीच. मी आतल्या आत तुझ्या मांडणीत चूक शोधली आणि मला सापडली नाही. आता विचारते स्वतःला, सापडली नाही की तू जिंकलीस याचं मला बरं वाटलं? तू जिंकलीस म्हणजे तुला काचबिंदू नाही. म्हणजे बाबांचं बाबांबरोबर गेलं. म्हणजे मीही सुटले.

आणि तुला दिसत नाही, असं म्हणायला कुणी धजलं असतं? तू बारीक अक्षरातलं शब्दकोडं सोडवायचीस. पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवायचीस!

तुझ्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, सर्व्हिस रोडवर, त्या सकाळी काय झालं ते तुला कळलंच नसेल. तू वर्गाला निघाली होतीस. डावीकडून स्कूटर आली. तुझं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. स्कूटरवाला अंडी पोचवणारा, मध्यमवयीन माणूस. ट्रे सगळे रस्त्यावर. भाऊजी धावत खाली आले तेव्हा तो त्या पिवळ्या चिखलात गुडघे टेकून बसला होता आणि तुझं डोकं त्याने आपल्या रुमालाने दाबून धरलं होतं. तुझी पिशवी शेजारी पडली होती. आतलं भिंग फुटलं नव्हतं. ते मी वर्गात वापरते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो एकच वाक्य परत परत बोलत होता. "बाईंनी मान वळवली. माझ्या बाजूला बघितलं. बघून मग पाऊल टाकलं. मला वाटलं, थांबतायत."

भाऊजींनी त्याची कॉलर धरली. "खोटं बोलतोस! बघितलं असतं तर पाऊल कशाला टाकलं असतं?" कुणी त्यांना आवरलं नाही. मीही नाही. कारण त्या वाक्याचा अर्थ मला लागत नव्हता. तू बघितलंस आणि तरी टाकलंस? मग मनात नको नको ते यायला लागलं. ताईला जगायचं नव्हतं का? माझ्याशी शेवटचं बोललीस तेव्हा तुझा आवाज कसा होता, हे मी रात्रंदिवस आठवत राहिले. हे तुझ्यापाशी आधी कबूल केलं नव्हतं. तुझ्याबद्दल असं मनात आणलं, त्याबद्दल रागावू नकोस.

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि नंतर मी माझ्या चष्म्याचा नंबर काढायला इथल्याच एका डॉक्टरबाईंकडे गेले. दाब मोजता मोजता त्या थांबल्या. "घरात कुणाला काचबिंदू?" मी बाबांचं सांगितलं. मग तुझं सांगितलं. तुझा भिंगाचा युक्तिवादसुद्धा, शब्दन् शब्द. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्यांचं भिंगाचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या प्रयोगात कागदाकडे बघायला तुम्ही बाहेर उभ्या असता. डोळ्यातल्या पडद्याकडे बाहेरून बघणारं कोण आहे? जिथून खबर येत नाही, तिथे मेंदू आजूबाजूचंच पसरून टाकतो. भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर रस्ता. माझ्याकडे येऊन कुणी म्हणत नाही की मला भोक दिसतंय. म्हणतात, घरातलं सामान कुणीतरी हलवतं."

स्टूल, ताई!

आणि हे आपल्याला माहीत होतं. मी चौथी-पाचवीत असेन. तू रेघांच्या वहीच्या पानावर लाल पेनने एक फुली काढलीस आणि थोडं बाजूला एक ठिपका. डावा डोळा मिटायला लावलास, फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणायला सांगितलीस. आणि ठिपका गेला! मी किंचाळले. पण मला दुसरंच नवल वाटलं होतं. ठिपक्याखालची निळी रेघ अखंड होती. मी विचारलं, "ताई, ठिपक्याने झाकलेली रेघ मला कशी काय दिसतेय?" तू वही मिटलीस. मग म्हणालीस, "ते बायोत आहे."

एवढंच कारण होतं. ते बायोत होतं. वही तुझीच, ठिपका तुझाच, तरी तो धडा दुसऱ्या पुस्तकातला म्हणून तू तो भिंगाशेजारी कधी आणून ठेवला नाहीस. मीही नाही. आपण सगळे किरण कागदापर्यंत नेऊन सोडतो. तिथून पुढे पान उलटतं.

मला खात्री नाही, हेही लिहायला हवं. तुझी तपासणी अपुरी राहिली, त्यामुळे तुझा कुठला भाग गेला होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण मला असं वाटतं, की तू मान वळवून दूरच्या मोठ्या रस्त्याकडे बघितलंस, आणि तो माणूस तुझ्या नजरेच्या कडेला होता. जिथे तो होता तिथे तुला रस्ता दिसला. नुसता मोकळा रस्ता.

हे मी आधी भाऊजींना सांगितलं. त्यांनी तुझ्या शब्दकोड्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. "तिला दिसत नव्हतं? तिला?" मग म्हणाले, "मी त्याला फार बोललो गं." आम्ही दोघे पोलिस चौकीत जाऊन जेवढं माहीत होतं तेवढं लिहून दिलं. शक्यता म्हणून. त्या माणसालाही फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे बाईंनी मला बघितलंच नाही?" मी हो म्हटलं. तिकडून रडण्याचा आवाज आला. ते हायसं वाटून होतं की आणखी कशाने, मला कळलं नाही.

इतकं सगळं कळलेली मी. मग मी तपासणीला लगेच जायला हवं होतं ना? मी काय केलं माहितेय? स्टाफरूममध्ये कुणी नसलं की एक डोळा झाकायचा आणि समोरच्या भिंतीवर काळा डाग कुठे दिसतो का ते बघायचं. डाग नाही. मग दुसरा डोळा. डाग नाही. मग निवांतपणे जर्नल तपासायला बसायचं. भोक दिसत नसतं हे मला माहीत होतं, आणि तरी मी भोकच शोधत होते! तुझ्यावर रागावण्याचा मला काय अधिकार?

आज वर्गात भिंगाचा दिवस होता. सगळ्यांनी लिहिलं: अर्धी ज्योत. ओंकार नावाच्या बडबड्या पोराने तर पैजेवर वडापाव लावला. मी पुठ्ठा धरला, ज्योत पूर्ण. आरडाओरडा. तन्वी म्हणून एक मुलगी आहे, कमी बोलते, चित्रं फार काळजीपूर्वक काढते. तिने हात वर केला. "मॅडम, पण पडद्यालाच भोक पडलं तर?"

मी कागदाला पेन्सिलीने भोक पाडलं. ज्योतीच्या मधोमध भोक. सगळे म्हणाले, हे तर होणारच, सिंपल आहे.

इथे थांबता आलं असतं. तू थांबायचीस. मी ऐकलं, माझा आवाज विचारत होता, "आणि डोळ्याच्या पडद्याला पडलं तर? लिहा. पेनाने."

सगळ्यांनी काळा ठिपका काढला. तन्वीनेही. एकूण एक वही, तुझंच उत्तर. मग मी वर्गभर फुली आणि ठिपका काढायला लावला. रेघांच्या पानावर. खोलीभर नुसत्या वह्या मागेपुढे होतायत.

"अरे, गेला! भाई, गेला!"

"माझा नाही जात."

"डोळा मिट ना नीट. फुलीकडे बघ, इकडेतिकडे काय बघतोयस?"

"पण मॅडम," तन्वी म्हणाली, "काळं नाही झालं. लाइन तशीच आहे." तिने वही खाली ठेवली, परत उचलली. "म्हणजे जे दिसत नाहीये, ते दिसत नाहीये हेपण आपल्याला दिसत नाही."

ओंकार खोलीभर मान फिरवत म्हणाला, "मॅडम, मग आत्ता ह्या क्षणी आपल्याला काय काय दिसत नसेल?"

सगळे हसले. मी टेबलाला धरून उभी राहिले. काय झालं विचारलं तर सांगितलं, मिरचीचा ठसका. मग वाटलं, आता आणखी एक खोटं नको. मी त्यांना सांगितलं. ज्यांचा हा वर्ग, त्या वैशाली मॅडमच्या डोळ्यांचं, यंत्रापुढे त्यांनी लय कशी पकडली, भिंगाचा युक्तिवाद कसा केला, सगळं. तुझी बदनामी केली का गं मी? मला वाटलं, तुझ्या वर्गातल्या मुलांना तुझं चुकीचं उत्तर आणि त्याच्या मागचं चित्र बघायचा हक्क आहे.

ओंकारने वही मिटली. म्हणाला, "मॅडम, आणि तुमचे डोळे?"

मी म्हटलं, "उद्या."

तोवर उद्याचं काही ठरलेलं नव्हतं. जिन्यातूनच दवाखान्यात फोन लावला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत, पण एका जुडीवरच फिरत राहिले. म्हणाली, "एकाला हाताला धरून नेलं. एकीला नेता आलं नाही. आता माझ्यात ताकद नाही गं, नीलू." मग उठली आणि बाबांचं ते स्टूल, जे अजून हॉलमध्येच होतं, उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात कुणीतरी स्टूल हलवलं.

मला भीती वाटते, ताई. फळा वाचता येणार नाही याची नाही. ते शेवटी जातं, डॉक्टरबाई म्हणाल्या. कडेकडेने जातं आणि गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. भीती ही की किती गेलंय हे मला कधीच जाणवलं नसेल. आत्ता गॅलरीतून दिसणारं हे समोरचं आवार, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, यातलं खरोखर किती माझ्यापर्यंत येतंय आणि किती मी आपलं पसरून टाकलंय?

तुझी पद्धत मी वर्गात सोडणार नाही. आधी लिहा, मग बघा. पण उद्या त्या वाडग्यासमोर बसल्यावर मी काहीच लिहिणार नाही. लय सापडली तरी तिच्याकडे लक्ष देणार नाही. शेजारी आई बाकावर बसलेली असेल, तिला बरं वाटावं म्हणूनही दाबणार नाही. मध्यावर नजर ठेवीन. दिवा दिसला तरच बटण दाबीन, ताई. आणि बराच वेळ काही दिसलं नाही, तर बोट तसंच वर धरून बसून राहीन.

तुझी,
नीलू